वकीलकाकांचे आबासाहेब

आबासाहेब म्हणजे काकांचे पुसदचे कुणी सीनिअर वकील असावेत, अशी माझी पक्की समजूत होती. "आबासाहेबांनी असला फालतू युक्तिवाद खपवून घेतला नसता", "आबासाहेब पुराच्या नदीत घोडा घालून कोर्टात जायचे आणि तुला एसी गाडीतून ऑफिसला जायला रडू येतं" असं ऊठसूट चालायचं. माझ्या डोळ्यांपुढे धोतर, काळा कोट आणि झुपकेदार मिशा असलेले कुणीतरी वऱ्हाडी गृहस्थ यायचे. मग एका शनिवारी काकांनी मला अर्विंगहून पश्चिमेला बराच वेळ गाडी हाकायला लावली. एका झोपाळू गावात आम्ही पोचलो. जुन्या कोर्टाच्या इमारतीत एका खोलीचं म्युझियम होतं. तिथल्या एका फोटोसमोर त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "नमस्कार कर. आबासाहेब."

फोटोत चुरगळलेल्या कोटातला, बसक्या गालांचा, आठवडाभर दाढी न केलेला एक गोरा माणूस होता. एकोणिसाव्या शतकातला, टेक्सासच्या ओसाड सरहद्दीवरचा वकील आणि पुढारी. मी नमस्कार केला. न करून सांगते कुणाला! गाडीची किल्ली माझ्याकडे होती, पण घराची त्यांच्याकडे.

काका माझे घरमालक. आयुष्यभर पुसदच्या कोर्टात वकिली केली, काकू गेल्यावर मुलाकडे इथे टेक्सासला, अर्विंगला आले. मुलाला कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी लागली, तो बायकापोरांसकट तिकडे गेला, आणि काका म्हणाले, "मी नाही येत. मला काम आहे." वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी भाड्यानं द्यायची ठरवली. मी नागपूरची, नवी नोकरी, नवं शहर, व्हिसाची टांगती तलवार. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "भांडता येतं का?" मी म्हटलं, "नागपूरची आहे काका." म्हणाले, "सामान घेऊन ये."

त्यांना बसता यायचं नाही. अक्षरशः. जेवतानासुद्धा दोन घास झाले की उठायचे आणि किचनच्या मधोमध असलेल्या ओट्याभोवती फिरायला लागायचे. हातात वाटी, अंगात तो पुसदहून आणलेला काळा कोट. टेक्सासच्या उन्हाळ्यात काळा कोट! मी एकदा म्हटलं, काका, उकडत नाही का? तर म्हणाले, "कोट काढला की मी रिटायर झालो." त्या ओट्याभोवती फिरून फिरून लाकडी फरशीवर चक्क वाट पडली होती. बसून विचार करणारा माणूस न्यायाधीश होतो आणि फिरून विचार करणारा वकील होतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. झोपून विचार करणारे आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले.

घरात फिरणं कमी पडलं की रस्त्यावर. आमच्या भागात चालणारा माणूस म्हणजे एक तर कुत्रा फिरवणारा, नाही तर गाडी बंद पडलेला. एकदा एक पोलीस गाडी थांबवून त्यांना विचारू लागला, सर, सगळं ठीक आहे ना? काकांनी त्याचीच उलटतपासणी घेतली. चालायला मनाई आहे का? नाही ना? मग थांबवलंस कशासाठी? तक्रार कुणी केली? तक्रारदार कुठे आहे? तो बिचारा शेवटी त्यांना घरी सोडायला आला आणि आलं घातलेला चहा पिऊन गेला. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे. त्याची बाजूही समजण्यासारखी होती."

ही त्यांची खरी खोड. समोरच्याची बाजू! अहो, माणूस दमून भागून घरी येतो, मॅनेजरच्या नावानं बोटं मोडतो, तेव्हा त्याला काय हवं असतं? कुणीतरी "हो ना, नालायकच आहे" म्हणावं, एवढंच. मी तोंड उघडायचा अवकाश, काका पंचा झटकल्यासारखा कोट झटकून उभे राहायचे. "तो बिचारा इथे हजर नाही. मी त्याचं वकीलपत्र घेतो." आणि मग मॅनेजरचं कसं बरोबर आहे, त्याच्यावर वरून कसा दबाव असेल, मी मीटिंगला उशिरा गेले ते का सांगितलं नाही, असं सगळं माझ्याच ताटात वाढायचे. मी चिडून पानावरून उठलेय. एकदा तर म्हटलं, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?" शांतपणे म्हणाले, "ज्याला कुणी नाही त्याच्या."

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक फुटले. अख्खं मंडळ केटरिंगवाल्या बाईंवर तुटून पडलं होतं. काका एकटे त्यांच्या बाजूनं स्टेजवर चढले. तेव्हापासून मंडळात त्यांना माईक द्यायचा नाही, असा अलिखित नियम झाला.

पुसदलाही हेच. तिथल्या कोर्टात त्यांचं एक व्रत होतं. समोरचा वकील किंवा पक्षकार हजर नसेल, तर न्यायाधीश एकतर्फी निकाल देऊन टाकतात आणि बाकीचे वकील पेढे वाटतात. काका निकाल घ्यायचे नाहीत. स्वतः उभे राहून समोरच्यासाठी पुढची तारीख मागायचे. तारीख मिळाली नाही, तर "साहेब, ते असते तर असं म्हणाले असते" म्हणून समोरच्याची बाजू स्वतःच मांडायचे आणि मग आपली. एकतर्फी निकाल म्हणजे उष्टं खाणं, असं त्यांचं म्हणणं. एका पक्षकाराची केस या नादात हरले, तर तो चप्पल घेऊन बाररूमपर्यंत त्यांच्या मागे धावला होता. काका हे हसत हसत सांगायचे. काकू म्हणायच्या म्हणे, "यांना वकीलपत्र देणं म्हणजे समोरच्याला दोन वकील देणं." पुढे पुढे पक्षकारच येईनात. ते मात्र काका हसत सांगायचे नाहीत.

असा माणूस आबासाहेबांच्या प्रेमात पडला नसता तरच नवल. झालं असं की मुलाबरोबर कुठेतरी जाताना त्या गावात त्यांची गाडी बंद पडली. मुलगा टो ट्रकची वाट बघत बसला. काकांना बसवेना, ते फिरत फिरत कोर्टात शिरले. आणि भिंतीवर त्यांना आपला माणूस भेटला. एका फाटक्या पोरानं, म्हणजे तरुणपणच्या आबासाहेबांनी, दुकान काढून बुडवलं, शाळामास्तरकी केली, तीही सुटली. मग कुणाची तरी कायद्याची पुस्तकं उसनी आणून वाचली. तीन वकिलांनी जेवता जेवता तोंडी परीक्षा घेतली आणि सनद दिली. न्यायाधीश आणि वकील सगळे मिळून घोड्यांवरून गावोगाव फिरायचे, कोर्ट भरवायचे, कधी चर्चमध्ये, कधी झाडाखाली. दिवसा एकमेकांचे गळे धरायचे आणि मुक्कामाला एकाच भांड्यातलं जेवायचे.

एकदा एका मेक्सिकन गाडीवानावर घोडा चोरल्याचा आळ आला. सगळं गाव दोर घेऊन तयार. न्यायाधीशानं विचारलं, याच्या बाजूनं कोण? कुणी उठेना. मागच्या बाकावरून चिखलानं भरलेल्या बुटांचे आबासाहेब उठले. आणि सोडवला त्याला! गावानं वर्षभर वाळीत टाकलं आणि मग त्याच गावानं त्यांना विधिमंडळात निवडून दिलं. त्यांनी गावात रस्ता आणला, शाळा आणली, हे कोर्ट बांधून घेतलं. मग पडले. पुन्हा निवडून आले. दोनदा पक्ष बदलला. "दोनदाच," काका म्हणायचे, "म्हणजे आपल्या मानानं लाजाळूच म्हणायचे." गव्हर्नर व्हायचं होतं, ते जमलं नाही. गाव मोठं झालं, गर्दी झाली, तसे आबासाहेब अस्वस्थ व्हायला लागले आणि म्हातारपणी आणखी पश्चिमेला जायला निघाले. वाटेतच गेले. "एका जागी मरण आलं नाही," हे काका दर वेळी दोनदा सांगायचे.

नाव इंग्रजी होतं, लांबलचक, मध्ये दोन आद्याक्षरं. काका ते कधी घ्यायचे नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं बरं दिसतं का, म्हणायचे.

तर काकांचं काम हे होतं. त्या इमारतीतली जुनी कोर्टरूम काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, दुरुस्त करायला घेतली होती. तिला आबासाहेबांचं नाव द्यायचं, एवढा एकच ध्यास. त्यांनी काउंटीच्या कमिटीकडे रीतसर मागणी केली, गावातल्या लोकांना भेटले, शाळेत जाऊन भाषण दिलं. दर दोन-तीन आठवड्यांनी मला गाडी काढावी लागायची. वाटेत अस्वस्थ झाले की "थांबव गाडी" म्हणायचे, खाली उतरून रस्त्याच्या कडेनं चालू लागायचे आणि मी मागून गोगलगाईच्या वेगानं इंडिकेटर लावून यायची. लोक हॉर्न मारून जायचे. मनातल्या मनात मी काय काय बोलायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाचा रोज फोन. बाबा, घर विकूया, इकडे या. काका म्हणायचे, "निकाल लागला की येतो." मुलगा मला मेसेज करायचा, तुम्ही तरी समजवा ना यार, कुठला निकाल आणि काय! पण मला कळत होतं. या देशात काकांना कोर्ट नव्हतं, अशील नव्हता, बाररूम नव्हती. आयुष्यात राहिलेली ही एकच केस होती आणि ती त्यांना जिंकायची होती. पुसदला ज्या हरल्या त्या सगळ्यांच्या वाटची.

त्यात एक दिवस प्रतिपक्ष उगवला. काउंटीनं सूचना छापली होती, हरकत असेल तर कळवा. ओक्लाहोमामधून एका बाईंची हरकत आली. काकांच्याच वयाच्या. त्यांचे पूर्वज त्या गावाजवळच्या नदीकाठी राहायचे, गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून. आबासाहेब विधिमंडळात असताना त्या वस्तीला तिथून थेट ओक्लाहोमाकडे हाकलून लावण्याचा कायदा झाला. मसुदा आबासाहेबांच्या हातचा.

म्युझियममध्ये याबद्दल एक ओळ होती, खाली कोपऱ्यात. काकांनी ती वाचलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "तो काळ तसा होता." आणि लगेच ओट्याभोवती फिरायला लागले. काळ तसा होता म्हणणारा माणूस एवढा फिरत नाही.

दुसरा कुणी असता तर त्या बाईंना टाळलं असतं. काकांनी त्यांना जेवायला बोलावलं. आबासाहेबांच्या काळात समोरासमोरचे वकील एकत्र जेवायचे ना, मग! मी पिठलं-भाकरी केली, काकांनी स्वतः चिवडा केला, आणि आम्ही कोर्टासमोरच्या पेकानच्या झाडाखाली बाकावर डबे उघडले. बाई जाडजूड, पांढऱ्या वेणीच्या, सावकाश बोलणाऱ्या. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी वास घेतला, कसलं धान्य म्हणून विचारलं, आणि मग मान हलवत सगळी खाल्ली. चिवड्यावर तर हात थांबेना.

जेवण झाल्यावर दोघं भांडायला बसले. म्हणजे बाई बसल्या, काका झाडाभोवती फिरत होते. रस्ता, शाळा, गाडीवानाची केस, काकांनी एकेक पान टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एका माणसासाठी तो उभा राहिला, चांगलं केलं. आमचं अख्खं गाव उठवलं तेव्हा आमच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. आमच्यासाठी उठेल असा वकील या भागात एकच होता. तो समोर होता."

काका फिरायचे थांबले.  डब्याचं झाकण लावत त्यांनी फक्त विचारलं, "सुनावणीला याल ना?" बाई म्हणाल्या, "येईन. तोंडानं सांगायचंय मला. चिवडा आणा."

त्यानंतर घरात शांतता नाही. काका रात्रंदिवस फिरत. जेवणात लक्ष नाही. माझ्या मॅनेजरचं वकीलपत्रसुद्धा घेईनात, म्हणजे बघा! मला काळजी वाटायला लागली. मी मुद्दाम ऑफिसच्या कागाळ्या सांगायचे, तर नुसतं "हं" म्हणायचे. एकदा मीच म्हटलं, "काका, मागणी मागे घ्या ना. सोडा." भडकले. "मागे? पक्षकाराला मधेच सोडू? आबासाहेबांचा वकील आहे मी!" मग जरा वेळानं, हळू आवाजात, "आणि बाईंनाही बोलायचंय. मी मागे घेतलं तर त्या कुठे बोलतील?"

सुनावणीच्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली. आमच्याकडे लोकांना काढायचं चाललं होतं, रजा टाकायची ती वेळच नव्हती, पण काकांना एकटं सोडवेना. त्यांनी कोटाला इस्त्री केली होती. मांडीवर चिवड्याचा डबा. भाषण पाठ होतं, गाडीत मला ऐकवायला मात्र तयार नव्हते. "कोर्टातच ऐक."

सुनावणी त्या दुरुस्त केलेल्या कोर्टरूममध्येच होती. उंच खिडक्या, लाकडी बाकं, कठडा, कोपऱ्यात पॉलिश केलेली पितळी पिकदाणी. ती बघून काका लहान मुलासारखे हरखले. "पुसद गं, पुसद!" म्हणाले. नियम साधा होता. प्रत्येकानं एकदाच बोलायचं, तीन मिनिटं. काकांनी आपलं नाव सगळ्यात शेवटी घातलं होतं. शेवटचा शब्द हातात ठेवायचा, ही वकिलाची जुनी खोड.

गावातले लोक एकेक उठले. कुणी म्हणालं नाव दिलं तर पर्यटक येतील. कुणी म्हणालं नावाबरोबर पार्किंगचंही बघा. एक हॉटेलवाला सँडविचला आबासाहेबांचं नाव द्यायच्या तयारीत होता. काका सारखं दाराकडे बघत होते. मीही. बाई आल्या नव्हत्या. फोन बाहेर ठेवायला लावले होते, त्यामुळे काही कळायला मार्ग नाही.

कमिटीचे अध्यक्ष चांगले हसतमुख गृहस्थ. त्यांनी बाईंचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग म्हणाले, हरकत घेणारं कुणी हजर दिसत नाही. अर्जदारांनी दोन शब्द बोलावेत आणि आपण मत घेऊ. चारी बाजूंनी लोक काकांकडे बघून हसले. झालंच होतं हो काम! मी तर मनातल्या मनात मुलाला मेसेज टाइप करायला घेतला होता.

काका उठले आणि म्हणाले, "पुढची तारीख द्या."

अध्यक्षांना कळेना. काकांनी समजावून सांगितलं, समोरची बाजू हजर नाही, ओक्लाहोमाहून यायचं आहे, काहीतरी अडचण आली असणार. अध्यक्ष म्हणाले, सर, उद्घाटन ठरलंय, लोकांना आमंत्रणं गेलीत, पुढे ढकलता येणार नाही. आणि तुमच्याच तर बाजूनं निकाल लागतोय! काकांनी पुन्हा विनंती केली. पुन्हा नाही. मी बाकावरून त्यांच्याकडे बघत होते आणि मला कळलं. पुसदची ती सगळी गोष्ट, तो चप्पल घेऊन धावणारा पक्षकार, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि मी चक्क मोठ्यानं म्हटलं, "काका, नको!" मराठीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोटाची गुंडी लावली. "माझी तीन मिनिटं आहेत," ते म्हणाले, "ती मी त्या बाईंच्या वतीनं वापरतो."

आणि बोलले. नदीकाठची वस्ती सांगितली. त्यांची शेतं, त्यांना दिलेला शब्द, तो मोडणारा कायदा. कोर्ट याच माणसानं बांधलं हे खरं, म्हणाले, पण ज्यांच्या जमिनीवर बांधलं त्यांना या दारातून आत येऊन बोलायची संधी कधी मिळाली नाही. त्या दिवशी नाही, आणि आजही नाही. "या गावात ज्याला कुणी नाही त्याच्या बाजूनं एकदा एक माणूस उठला होता. त्याचं नाव देण्यासाठी तुम्ही जमला आहात. आज ज्यांना कुणी नाही, ते त्याचेच बळी आहेत. खोलीला कुणाचंच नाव देऊ नका. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या." आवाज एकदाही चढला नाही.  अध्यक्षांनी हळूच विचारलं, "सर, पण तुम्ही तर अर्जदार..." काका म्हणाले, "वेळ संपली माझी." आणि बसले. खरंच बसले.

कमिटीची मतं घेतली. एक हात वर झाला, बाकीचे नाही. नाव नामंजूर. कोर्टरूम नुसतीच कोर्टरूम राहिली.

गाडीत बसल्यावर मी फुटले. "काका, स्वतःची केस हरलात! स्वतःच्या तोंडानं! एवढी धावपळ, एवढ्या खेपा, मी रजा टाकून आले, कशासाठी?" ओरडता ओरडता मला रडू आलं. राग होता, पण तेवढाच नाही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. काका डबा मांडीवर घेऊन समोर बघत होते. 

गाव मागे पडलं आणि त्यांचा फोन वाजला. बाईच होत्या. काकांनी स्पीकरवर लावला. हायवेवर गाडी बंद पडली होती, टो ट्रकची वाट बघत होत्या. फार वाईट वाटतंय म्हणाल्या. मग जरा थांबून, "लागलं ना मग नाव?"

"नाही लागलं," काका म्हणाले.

"का?"

"तुमचा वकील बोलला."

"माझा? माझा कुठला वकील?"

"होता एक. कोर्टात सापडला."

पलीकडे नुसता ट्रकांचा आवाज. मग बाईंनी विचारलं, "कसा बोलला?"

"बरा बोलला," काका म्हणाले. "म्हातारा आहे. पाल्हाळ लावतो. आणि बाई, खरं सांगायचं तर त्याचं मन दुसऱ्या बाजूला होतं."

  बाई सावकाश आवाजात म्हणाल्या, "त्याला सांगा, फार उशिरा आलास. पण आलास."

काकांनी फोन खिशात ठेवला. "थांबव गाडी."

मी थांबवली. ते उतरले आणि काळ्या कोटात, हातात चिवड्याचा डबा घेऊन, भर उन्हात रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. मी इंडिकेटर लावून मागे. लोकांनी हॉर्न मारले. त्या दिवशी मी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. किती वेळ चालले कुणास ठाऊक. मग वळले, माझ्या खिडकीशी आले, वाकले. डोळे लाल झाले होते.

"बेटा," म्हणाले, "ते सगळे पार्किंगबद्दल बोलले गं. आबासाहेबांच्या बाजूनं आज कुणीच बोललं नाही. मीसुद्धा नाही."

पुढे ते फ्रीमाँटला गेले. निकाल लागला होता, शब्द दिला होता. तिथल्या एकसारख्या घरांच्या ओळींतून कोट घालून फिरत असतात आणि सुनेशी बोलताना शेजाऱ्यांचं वकीलपत्र घेतात, असं मुलगा सांगतो. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी खिडकीत त्यांचा चेहरा होता आणि मला काही सुचत नव्हतं. मी पलीकडचं दार उघडलं.

"मग आता बोला," मी म्हटलं. "तुमचं भाषण पाठ आहे ना? अर्विंगपर्यंत वेळ आहे."

ते आत बसले. डबा मागच्या सीटवर ठेवला. घाम पुसला. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "समोरच्या बाजूनं कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. "हजर."

"मग ठीक," काका म्हणाले, कोटाची गुंडी लावली, आणि बोलायला सुरुवात केली.